पहिले पान

‘स्फोट’ हा शब्द आमच्या घरात मोठ्याने कोणी उच्चारत नाही. दिवाळीत बाहेर फटाका वाजला तरी आम्ही ‘आवाज झाला’ एवढेच म्हणतो. का, ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. त्यामुळे थोरलीने एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी ‘धक्का बसलेल्या द्रवांतील रासायनिक क्रिया’ हा विषय घेतला आणि त्यातला द्रव स्फोटक निघाला, तेव्हा आम्हा दोघांची झोपच उडाली.

“बेटा, औषधांवर घे, रंगांवर घे,” आम्ही म्हणालो.

“अब्बा, आधी ऐकून तर घ्या.”

तिने रेल्वेपासून सुरुवात केली. नायट्रोमिथेन हा दिसायला पाण्यासारखा द्रव. अमेरिकेत तो रेल्वेच्या टाक्यांतून बिनघोर नेत असत. १९५८ मध्ये न्यूयॉर्क आणि इलिनॉय राज्यांत, रेल्वेच्या यार्डात अशा दोन टाक्या फुटल्या. मग तो पिंपांत भरून नेऊ लागले.

“डब्यावर डबा आदळला की धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जातो ना, तसाच तो द्रवातही धावतो.”

तो पाहायचा कसा? ॲल्युमिनियमच्या अगदी पातळ थरावर लेसरचा झोत मारतात. थर पलीकडच्या द्रवाला धक्का देतो; दाब हवेच्या दाबाच्या दीड-दोन लाख पट होतो. लगेच दुसरा झोत आत डोकावतो. सेकंदाचे एक हजार कोटी भाग केले, तर त्यातल्या दोन-तीन भागांत हे सगळे घडते. तेवढ्यात धक्का केसाच्या जाडीच्या जेमतेम पन्नासाव्या भागाइतका पुढे सरकतो. तो पुरेसा जोराचा असेल तर पारदर्शक द्रव प्रकाश शोषू लागतो. रेणू बदलू लागल्याची ती खूण.

“म्हणजे फुटतं ते किती?”

“चिमटीतही येणार नाही एवढं, अम्मी.”

इतक्या थोड्या वेळात रेणूंकडे पाहण्याची वाट अहमद झेवेल यांनी दाखवली. जन्म इजिप्तमधल्या दमनहूरचा, शिक्षण अलेक्झांड्रियात, पुढे अमेरिका. बंध तुटताना त्यांनी लेसरने टिपले आणि १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. नाव ऐकून आम्हाला धीर आला. याची थोडी लाजही वाटली. शास्त्र मघाचेच होते, फक्त नाव आपल्यातले निघाले.

नायट्रोमिथेनवरचे हे काम लॉस अलामॉसला झाले, जिथे अणुबॉम्ब बनला, हेही तिने लपवले नाही. आम्ही गप्प झालो.

“कुठल्या धक्क्याने फुटतं ते कळलंच नाही, तर ती टाकी नेणाऱ्या माणसाने काय करायचं?” ती म्हणाली.

शनिवारी झेरॉक्स काढायला आम्ही दोघेच गेलो. पहिले पान आतल्या बाजूला दुमडून. दुकानदाराने ते सरळ केले, काचेवर ठेवले, निघालेली प्रत उजेडात धरून वाचली. आम्ही रस्त्याकडे पाहत उभे राहिलो.

“शीर्षक तिरकं आलंय,” तो म्हणाला. “दुसरी काढू का?”

“काढा,” आम्ही म्हटले.