परक्यासाठी ठेवलेली कळ

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना पापनाशम लागते. गावाच्या नावातच पापाचा नाश आहे. रामलिंगस्वामींच्या देवळात एकशे आठ शिवलिंगे आहेत आणि भोवती कावेरीच्या फाट्यांवर भिजणारी भातखाचरे आहेत. अशा गावातील एका घराच्या पडवीत शर्यतीची मोटार आकार घेत असावी, हे ऐकणाऱ्याला विसंगत वाटते. तथापि ज्या घरातील तरुणाने ती बांधली, त्या घराला अशा विसंगतीची सवय होती. व्यंकोजीराजांच्या वंशाचे राज्य १८५५ साली संपले, पण त्या राज्याबरोबर दक्षिणेत उतरलेल्या कुटुंबांची भाषा संपली नाही. उंबरठ्याच्या आत मराठी आणि बाहेर तमिळ, असा या घराचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता.

घरी मोटार बांधण्याची परंपराही या प्रदेशाला परकी नाही. मद्रासच्या उत्तरेस शोलावरम येथे युद्धकाळातील विमानांच्या धावपट्टीवर शर्यती होत. १९९० साली इरुंगट्टुकोट्टई येथे खास शर्यतींसाठी मार्ग झाला. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८००चे इंजिन घेऊन एकट्याने बसायच्या शर्यतीच्या मोटारी घडविल्या. १९९५ साली विमान अपघातात त्यांचा अंत झाला, आणि २००३ मध्ये कोइम्बतूरजवळ सुरू झालेल्या मार्गाला त्यांचेच नाव देण्यात आले. पापनाशमच्या तरुणाला त्याच मार्गावर आपली मोटार न्यायची होती. इंजिनही त्याने तेच निवडले होते: जुन्या कार्ब्युरेटरचे, तीन सिलिंडरचे, ७९६ घन सेंटिमीटरचे. पेट्रोलची टाकी चालकाच्या पाठीशी होती आणि इंजिन तिच्याही मागे.

अशा मोटारीला दोन कळा लागतात. एक इग्निशनची, जिने इंजिन सुरू होते. दुसरी किल-स्विचची, जिने सर्व वीज तुटून इंजिन बंद पडले पाहिजे. दुसरी कळ आतून चालकाच्या हाताला आणि बाहेरून कोणाच्याही हाताला लागावी, असा नियम आहे. बाहेरच्या कळेपाशी निळा त्रिकोण, त्याला पांढरी कड आणि मधोमध लाल ठिणगी, एवढीच खूण असते. अक्षर एकही नसते.

तरुणाने बॅटरीच्या जाड तारेत ही कळ बसविली आणि मल्टिमीटरने तपासली. कळ फिरविली की इग्निशन कॉइलवर शून्य व्होल्ट. दिवे गेले, स्टार्टर मुका झाला. त्याचे समाधान झाले. संध्याकाळी इंजिन चालू असताना त्याने सहज कळ फिरविली, आणि इंजिन चालतच राहिले. त्याने कळ बदलली, जोड पुन्हा घट्ट केले, चासीला जोडलेली अर्थिंगची तार घासून स्वच्छ केली. बंद इंजिनावर प्रत्येक चाचणी निर्दोष उतरे, आणि चालू इंजिनावर कळ निरुपयोगी ठरे. पाठीशी पेट्रोल असलेल्या मोटारीत याचा अर्थ काय, हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

उलगडा आजोबांकडून झाला. त्यांना विजेचे फारसे ज्ञान नव्हते. आयुष्य शेतीत आणि पाटाच्या पाण्यात गेले होते. त्यांनी एवढेच विचारले, की वरचे दार बंद करूनही खाचरात पाणी येत असेल, तर दुसऱ्या कोणत्या पाटातून येते ते पाहिलेस का? कुडमुरुट्टीच्या काठच्या माणसाला हा प्रश्न सहज सुचावा असाच होता.

दुसरा पाट अल्टरनेटरचा होता. इंजिन फिरते तोवर अल्टरनेटर स्वतः वीज निर्माण करतो, आणि त्याची तार तरुणाने कळेच्या पलीकडे, दिवे व कॉइल ज्या बाजूला होते तिकडे जोडली होती. कळ फिरताच बॅटरी वेगळी होई, परंतु अल्टरनेटरची वीज कॉइलला मिळत राही. कॉइल ठिणगी देई, ठिणगी इंजिन फिरवी, आणि इंजिन अल्टरनेटरला. पेट्रोलचा पंपही इंजिनाच्याच गतीवर चालणारा, म्हणून तोही थांबत नसे. बंद इंजिनात अल्टरनेटर स्थिर असल्यामुळे दोष मीटरला दिसणेच शक्य नव्हते. तो केवळ चालत्या अवस्थेत अस्तित्वात येणारा दोष होता.

अल्टरनेटरची तार थेट बॅटरीला जोडली असती, तर इंजिन थांबले असते. परंतु मग ती लांब तार कळ फिरविल्यावरही जिवंत राहिली असती, आणि अपघातात चिरडून चासीला लागली असती तर तिनेच ठिणगी पाडली असती. अखेरीस त्याने सहा टोकांची कळ आणली. दोन जाड टोके बॅटरीची; बारीक टोकांची एक जोडी कॉइलची वीज तोडणारी; आणि दुसरी जोडी त्याच क्षणी अल्टरनेटरला तीन ओहमच्या रोधातून चासीशी जोडणारी. बॅटरी एकाएकी तुटली की अल्टरनेटरचा दाब उसळतो. तो या रोधात जिरतो आणि आतील नाजूक भाग वाचतात.

या साऱ्या खटपटीत तरुणाला एक गोष्ट उमगली. इग्निशनची किल्ली मालकाची असते. किल-स्विच परक्यासाठी असतो. चालक बेशुद्ध असेल, पट्ट्यांत अडकला असेल, पेट्रोल गळत असेल, तेव्हा धावत येणाऱ्या माणसाला त्याचे नाव ठाऊक नसेल, कदाचित भाषाही समजणार नाही. तो फक्त निळा त्रिकोण पाहील आणि त्यावर विश्वास ठेवून हात घालील. वायरिंगच्या कागदावर काय रेखाटले आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

म्हणून शेवटची चाचणी तरुणाने स्वतः केली नाही. इंजिन सुरू करून तो आत बसला, पट्टे आवळले आणि दोन्ही हात चाकावरच ठेवले. मोटारीला आजवर हात न लावलेले आजोबा बाहेरून आले, त्रिकोण शोधून त्यांनी कळ फिरविली. इंजिन थांबले. त्याने ते पुन्हा सुरू करून त्यांना आणखी दोनदा तेच करावयास लावले. मग तपासणीच्या वहीत त्याने किल-स्विचपुढची जुनी खूण खोडली आणि तिथे लिहिले: इंजिन चालू असताना, दुसऱ्याच्या हाताने.