उंबरठ्यावरचा वाचक

परभाषेतील वाचन अडते तेव्हा ते वाचनामुळे अडते की भाषेमुळे, असा प्रश्न चार्ल्स अल्डरसन यांनी १९८४ मध्ये उपस्थित केला होता. मराठी विभागांत तो क्वचितच विचारला जातो. इंग्रजी समीक्षालेख ज्याला उलगडत नाही त्याला वाचताच येत नाही, असे तेथे बहुधा गृहीत धरले जाते.

अशाच एका विभागात एम. ए. करणारा एक विद्यार्थी. शाळा मराठी माध्यमाची, बारावी विज्ञान शाखेची, त्यानंतर साहित्याकडे वळलेला. मर्ढेकरांच्या कवितेत उपरोध कोठे सुरू होतो हे तो नेमके हेरी. समीक्षकाने दोन पानांपूर्वी काय म्हटले होते ते ध्यानात ठेवून त्याची विसंगती दाखवी. हाच विद्यार्थी एलियटचा ‘ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलंट’ (१९१९) हा निबंध वाचावयास बसला की शब्दागणिक थांबे. ओळींवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले. चौथ्या ओळीशी पोचेपर्यंत पहिली पुसट झालेली.

येथवर नवे काही नाही. स्पॅनिशमधील कुशल व सामान्य वाचकांतील अंतर इंग्रजी वाचताना बरेच आक्रसते, असे मार्क क्लार्क यांनी १९८० मध्ये दाखविले होते. जिम कमिन्स यांच्या परस्परावलंबनाच्या सिद्धान्तातही द्वितीय भाषेशी पुरेसा संपर्क ही अट आहेच. आपल्याकडे सिद्धान्त उद्धृत होतो, अट गळते.

परंतु या विद्यार्थ्याचे हरवले ते केवळ आकलन नव्हते. एलियट कवीच्या मनाची तुलना प्लॅटिनमशी करतो. प्लॅटिनमच्या तारेच्या सान्निध्यात ऑक्सिजन व सल्फर डायऑक्साइड एकत्र आले की सल्फ्युरस आम्ल बनते, असे तो सांगतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे. त्या संयोगातून सल्फर ट्रायऑक्साइड मिळतो आणि त्यापासून पुढे सल्फ्युरिक आम्ल. सल्फ्युरस आम्लाला प्लॅटिनमची गरजच नसते. विद्यार्थ्याला हे खटकले. त्याने समासात प्रश्नचिन्ह काढले, शब्दकोश पुन्हा पाहिला आणि प्रश्नचिन्ह खोडून टाकले. एलियट चुकला असेल, ही शक्यता त्याच्या मनात आलीच नाही. मराठीत त्याची शंका लेखकाकडे जाई. येथे ती स्वतःकडे वळली.

विशेष म्हणजे रसायनशास्त्र तो इंग्रजीतूनच शिकला होता. पाठ्यपुस्तकाची इंग्रजी त्याला परकी नव्हती, समीक्षेची होती. एका भाषेला एकच उंबरठा असतो असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावयास हवा.

वर्गातील चर्चेत अडचणी विचारल्या गेल्या तेव्हा त्याने दोन शब्दांचे अर्थ विचारले. प्राध्यापकांनी ते सांगितले, आणि त्याच्याविषयीचे त्यांचे मत अधिकच पक्के झाले.

काही महिन्यांनी परीक्षेच्या टिपणांसाठी त्याने तो उतारा मराठीत उतरविला. वाक्य आता त्याचे होते. कर्ता, कर्म, क्रियापद ही सारी त्याच्या ओळखीच्या जागी होती. ‘सल्फ्युरस आम्ल तयार होते’ येथे लेखणी थांबली. या वेळी त्याने शब्दकोश उघडला नाही, बारावीचे पुस्तक काढले. टिपणाच्या कडेला लिहिले : एलियटची चूक.

उत्तरपत्रिकेत मात्र त्याने प्लॅटिनमचा दृष्टान्त जसाच्या तसा, सल्फ्युरस आम्लासह, लिहिला.