चार पिढ्यांचे अँटवर्प

हिऱ्यांच्या व्यापारामुळे अँटवर्प हे नाव आपल्या समाजात घरोघरी परिचित आहे. आमचे घराणे मात्र धान्याच्या आडतीचे. हिऱ्यांशी संबंध आला तो लग्नकार्यापुरता. त्यामुळे बेल्जियममधील हे शहर आम्हा सर्वांनाच सारखे अनोळखी होते. मुलगा नोकरीनिमित्त नेदरलँड्समधील आइंडहोव्हेन येथे असतो. जूनअखेरीस त्याच्याकडे गेलो असता 78 वर्षांची आई, आम्ही उभयता, मुलगा, सून आणि सात वर्षांची नात असे सहा जण दोन दिवसांसाठी तेथे गेलो.

तेथील मध्यवर्ती रेल्वेस्थानक 1905 मध्ये खुले झाले. त्याच्या भव्य घुमटाखाली पाऊल ठेवताच आईने हात जोडले. "पणजी, हे देऊळ नाही, स्टेशन आहे," असे नातीने सांगितल्यावर ती म्हणाली, "असू दे. जोडलेले हात वाया जात नाहीत."

स्थानकाला लागूनच हिरेबाजार आहे. अब्जावधींची उलाढाल ज्या होवेनियर्सस्ट्राट या गल्लीत होते, ती दिसायला आपल्या एखाद्या पेठेतील बोळाइतकीच साधी! ज्यू व्यापाऱ्यांच्या बरोबरीने पालनपूरच्या जैन कुटुंबांनी येथे जम बसवला आहे. नगरभवनासमोरील चौकात 1887 मधील ब्राबोचे शिल्प आहे. स्केल्ट नदीवर जकात न देणाऱ्या नावाड्यांचे हात तोडणाऱ्या राक्षसाचाच हात ब्राबोने तोडून नदीत फेकला, अशी त्यामागची दंतकथा. दोघांचीही कृती आईला रुचली नाही. जकातीचा जाच किती जुना आहे, याची मला मात्र मौज वाटली.

आहाराचा प्रश्न खाखरे, मेथीचे ठेपले आणि भाजलेल्या मुगांनी सोडवला. बटाट्याचे तळलेले काप हे या देशाचे आवडते खाणे. परंतु पारंपरिक पद्धतीत ते गाईबैलांच्या चरबीत तळतात. कंदमूळ वर्ज्य नसणाऱ्या प्रवाशांनीही चौकशी केल्याविना ते घेऊ नयेत. चौविहाराची अडचण वेगळीच होती. जूनअखेरीस येथे सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो. नियमाप्रमाणे तोवर अन्न घेता आले असते. आईने मात्र घरच्याप्रमाणे सातच्या आतच भोजन आटोपले. "सूर्य इथला असला तरी पोट गावचेच आहे," असे तिचे म्हणणे. डिसेंबरमध्ये हाच सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. येथील श्रावकांची खरी कसोटी तेव्हा लागत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलराइक उपनगरातील संगमरवरी जिनालयात दर्शन घेतले. दूरदेशी तीच शांतता, तेच चैत्यवंदन! आईच्या चेहऱ्यावरचा प्रवासाचा शीण तेथे उतरला.

दुपारी प्लँटिन-मोरेटस संग्रहालयात गेलो. दोन दिवसांत आम्ही सर्वाधिक वेळ रमलो ते येथेच. ख्रिस्तोफ प्लँटिन हा फ्रान्समधून आलेला पुस्तकबांधणीचा कारागीर. 1555 मध्ये त्याने येथे मुद्रण आरंभले आणि पुढे पाच भाषांतील आठ खंडी बायबल छापले. त्याच्या मुलींनी लेसचा व्यापार सांभाळला, तर मुद्रणालय जावयाकडे, यान मोरेटसकडे, गेले. घराण्याचे आडनाव बदलले, पेढी चालत राहिली. 1600 च्या सुमाराची दोन मुद्रणयंत्रे आजही तेथे उभी आहेत. तीनशे वर्षे चाललेले हे घर 1876 मध्ये एडवर्ड मोरेटस यांनी यंत्रे, ग्रंथ आणि हिशेबाच्या वह्यांसह शहराला विकले. आज ते युनेस्कोच्या जागतिक वारशात गणले जाते.

या पेढीचे शतकानुशतकांचे हिशेब जपलेले आहेत, हे मुलाने सांगितले तेव्हा आई थबकली. लग्नानंतर कित्येक वर्षे दुकानाचा रोजमेळ तिनेच लिहिला होता. ती म्हणाली, "पेढी विकली, पण वह्या रद्दीत घातल्या नाहीत." कोणी काही बोलले नाही. आमची आडत माझ्यापाशी, तिसऱ्या पिढीवर, थांबणार हे घरात प्रत्येकाला ठाऊक आहे. तो विषय तोवर कोणी काढला नव्हता.

जवळच स्केल्टखालून जाणारा 1933 मधील पादचारी बोगदा आहे. लांबी 572 मीटर. त्यात उतरणारे लाकडी सरकते जिने पाहून नात हरखली. पत्नी, सून आणि मी तिच्यासह पलीकडच्या तीरावर जाऊन आलो. आई नातवासोबत बाकावर थांबली.

वर आलो तेव्हा साडेसहा वाजत आले होते आणि ऊन अजून दुपारसारखे होते. मुलाने संग्रहालयाच्या पत्रकाची कोरी बाजू मांडीवर धरली होती. मधोमध उभी रेघ होती. डावीकडे त्याने जमा लिहिले होते, उजवीकडे नावे. आई बोट ठेवून सांगत होती, तो टिपून घेत होता. "माळ्यावरच्या वह्या कोणत्या सालापासून आहेत?" असे त्याने मला विचारले. मी उत्तर देण्याआधीच आईने पाणी मागितले. तिला पच्चक्खाण घ्यायचे होते.