न्यू लॅनार्क: धबधब्याकाठचे गिरणीगाव

माझे आजोबा मुंबईतील गिरणी कामगार. त्यामुळे गिरणी म्हणजे भोंगा, धुराडे आणि चाळी, असेच माझे चित्र होते. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कने ते बदलले. ही गिरणी शहरापासून दूर, क्लाइड नदीच्या अरुंद दरीत उभी राहिली, कारण चक्रे फिरवायला धबधब्यांचे पाणी तिथे होते. ते बोगद्यातून वळवून डेव्हिड डेल यांनी १७८६ मध्ये सूतकताई सुरू केली. दरीत मनुष्यबळ अपुरे, म्हणून अनाथ मुलेही यंत्रांवर आली. १८०० पासून कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट ओवेन यांनी १० वर्षांखालील मुलांना कामावर घेणे थांबवून त्यांच्यासाठी शाळा उभारली. गिरण्या १९६८ मध्ये बंद पडल्या. २००१ पासून गाव जागतिक वारसास्थळ आहे. त्याच्या छायाचित्रांत माझी नजर गिरणीआधी शाळेकडे जाते. आजोबांची शाळा चौथीत सुटली, ती गिरणीसाठीच.