आजोंचा रेझर

आमच्या पडवीतल्या खांबाला एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला वहीच्या आकाराचा एक आरसा. आरशाचा एक कोपरा फुटलेला आहे. रोज सकाळी साडेसहाला आजो त्या आरशासमोर स्टूल ओढून बसायचे. शेजारी गरम पाण्याचा तांब्या, साबणाची वाटी, ब्रश, तुरटीचा खडा आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात त्यांचा रेझर. मी शाळेच्या गडबडीत असायचो, आई चुलीपाशी, बाबा गाडी पुसत. आजोंची दाढी मात्र कधी गडबडीत झाली नाही. सोमवारी करू नये, शनिवारी करू नये असं आमच्याकडे म्हणतात. आजोंनी असला वार कधी पाळला नाही.

माझे आजो आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. बांबोळीला नेलं, डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडं बरं वाटतं, पण सकाळी हात हलतोच. दाढी करताना गालावर, हनुवटीखाली ओरखडे उठायला लागले. बनियनवर रक्ताचे ठिपके दिसायचे आणि आई ते न बोलता धुवायची. मग एक दिवस मानेला बराच कापलं. बाबांनी रेझर उचलून कपाटात ठेवला.

बाबांनी त्यांना चार्जिंगवर चालणारा ट्रिमर आणून दिला. आजोंनी तो उलटसुलट करून बघितला आणि परत बॉक्समध्ये ठेवला. "सलूनवाल्याला घरी बोलावू," बाबा म्हणाले. पेडण्याच्या बाजारात चार-पाच सलून आहेत, फोन केला तर घरी येतात. आजो म्हणाले, "नाका." एवढंच. नऊ दिवस त्यांनी दाढी केली नाही. गालांवर पांढरी खुंटं वाढली. ते पडवीत बसायचे बंद झाले. कोणी आलं की आतल्या खोलीत जायचे. बाबा चिडले, म्हणाले, "म्हातारपणी माणूस हट्टी होतो." मलाही तेच वाटलं.

माझ्या बाबतीत उलटंच चाललं होतं. मला नुकती दाढी आली होती आणि मोबाईलवर मी सेफ्टी रेझरचे व्हिडिओ बघायला लागलो होतो. जगभर या जुन्या पद्धतीच्या दाढीचे शौकीन आहेत हे मला तेव्हा कळलं. लोक पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीचे रेझर गोळा करतात, ब्रशच्या केसांवर चर्चा करतात, चंदनाचा साबण की लिंबाचा यावर वाद घालतात. मला ते सगळं फार भारी वाटलं. आणि आपल्या घरात, कपाटात, तसला एक खराखुरा जुना रेझर पडून आहे हे आठवलं.

एका रविवारी मी तो डबा काढला. रेझर जड होता. दांडीवरचा मुलामा बोटांच्या जागी झिजून पिवळा दिसत होता. दांडी फिरवली की डोकं सुटतं आणि दोन पत्र्यांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी धार असलेलं ब्लेड बसतं. डब्यात ब्लेडच्या पुड्याही होत्या. एका जुन्या पावडरच्या डब्याला वरून फट पाडलेली होती आणि त्यात वापरलेली ब्लेडं टाकलेली. हलवला तर खुळखुळायचा. लहानपणी त्यातलंच एखादं ब्लेड मागून मी पेन्सिलीला टोक करायचो.

मी न्हाणीत जाऊन स्वतःवर प्रयोग केला आणि हनुवटी कापून घेतली. बाहेर आलो तर आजो दारात उभे. रागावतील वाटलं. त्यांनी तुरटीचा खडा ओला करून माझ्या हातात दिला. म्हणाले, "दाबलंय तू. हो दाबूचो नसता. हेचें वजनच पुरे." मग त्यांनी मला बसवून सगळं सांगितलं. ब्रश आधी गरम पाण्यात भिजत ठेवायचा. साबणावर तो गोल गोल फिरवायचा, फेस दह्यासारखा घट्ट झाला पाहिजे, बुडबुडे नकोत. दाढी आधी गरम पाण्यानं मऊ करायची. डाव्या हातानं कातडी ताणायची. रेझर गालाशी साधारण तीस अंशांत धरायचा आणि केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं उतरवायचा. शेवटी थंड पाणी आणि तुरटी. व्हिडिओतले लोक अर्धा तास जे सांगत होते ते आजोंनी पाच मिनिटांत सांगितलं. सांगताना त्यांचा हात हलत होता, पण आवाज हलत नव्हता.

मग मी बोलून गेलो, "आजो, मी करतो ना तुमची दाढी."

ते गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दुसऱ्याचो हात नको रे पुता." मी विचारलं, का? मला वाटलं होतं, टाळतील. पण त्या दिवशी त्यांनी सांगितलं.

आजोंच्या लहानपणी गावात म्हालो होता. घरोघरी जायचा, लोकांचे केस कापायचा, दाढ्या करायचा आणि सुगीला त्याबद्दल भात घेऊन जायचा. आमच्या वाड्यावर तो येत नसे. आमच्या जातीच्या माणसाला त्यानं हात लावला असता तर बाकीच्या गावानं त्याला दारात उभं केलं नसतं. वाड्यावरचीच माणसं एकमेकांचे केस कापायची. पणजोबा कोयत्याला धार लावता लावता कधी तरी एका जुन्या वस्तऱ्यालाही लावायचे आणि सगळ्या वाड्याच्या दाढ्या त्या एका वस्तऱ्यानं व्हायच्या.

एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे १९६० च्या सुमाराला, आजो डिचोलीकडे खाणीवर कामाला गेले. लोहखनिज काढून ते मांडवीतून बार्जनं मुरगावला आणि तिथून बोटीनं जपानला जायचं ते दिवस. आजो ट्रकवर क्लीनर होते. कामगारांच्या खोपटात सगळीकडची माणसं होती, सत्तरीची, सावंतवाडीची, कारवारची. कोण कोणाचा हे कोणी फारसं विचारत नसे. लाल धुळीनं सगळे सारखेच दिसायचे, असं आजो हसून म्हणाले.

पहिला पगार झाल्यावर ते डिचोलीच्या बाजारात दाढी करायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा म्हाल्याच्या खुर्चीवर बसले. त्यानं गळ्याभोवती पंचा बांधला, तोंडाला साबण लावला. फेस धुळीनं लाल झाला. त्यानं तो पुसून पुन्हा लावला. वस्तरा गालावर ठेवला आणि गप्पा मारता मारता सहज विचारलं, "खंयचो रे तू?"

"पेडण्याचो."

"पेडण्यात खंय?"

आजोंनी गावाचं नाव सांगितलं.

"वाडो खंयचो? कोणाचो तू?"

आजो म्हणाले, वस्तरा मानेवर होता आणि माझ्या तोंडून दुसऱ्याच वाड्याचं नाव गेलं. दुसऱ्याच घराण्याचं. म्हालो म्हणाला, अरे वा, त्यांना मी ओळखतो. आजो दाढी होईपर्यंत डोळे मिटून बसून राहिले. पैसे दिले आणि निघाले. त्या माणसानं त्यांना वाईट काही म्हटलं नाही. त्यानं फक्त विचारलं. "पण हांव फट उलयलो," आजो म्हणाले. "बापायचें नाव बदलून सांगलें. एका दाडये खातीर."

पुढच्या सुट्टीत घरी जाताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्यांनी हा रेझर घेतला. तेव्हा गोव्यात एस्कुद चालायचे आणि दुकानांतून परदेशी माल मिळायचा. घरी गेल्यावर त्यांनी तो पणजोबांना दाखवला. त्यानंतर आजो कुठल्याही म्हाल्याच्या खुर्चीवर बसले नाहीत. केससुद्धा आजी कापायची. आजी गेल्यावर बाबा कापतात. मला वाटायचं, पैसे वाचवतात.

मग मी या रेझरबद्दल वाचायला लागलो, आता वेगळ्या नजरेनं. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाच्या माणसानं १९०१ मध्ये कंपनी काढली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्याच वर्षी खप हजारोंवर गेला आणि पहिल्या महायुद्धात हा रेझर सैनिकांच्या खिशात पोचला. यातली युक्ती साधी आहे. वस्तऱ्याला चामड्यावर घासून धार ठेवावी लागते आणि तो चालवायला शिकलेला हात लागतो. इथं पातळ ब्लेड वापरून टाकून द्यायचं आणि धारेपुढं आडवा पत्रा असल्यामुळं नवख्याचा हातही सहसा खोल कापत नाही. म्हणजे दाढीसाठी दुसरा माणूस लागत नाही. अमेरिकेतल्या माणसाला यात वेळ वाचवणं दिसलं असेल. आमच्या आजोंना काय दिसलं ते मला आता कळतं.

कॉलेजच्या ग्रंथालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं. त्यात त्यांनी लिहिलंय की साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पण त्यांच्या घरच्यांचे केस कोणी कापत नसे. ते काम त्यांची थोरली बहीण करायची. हे मी वर्गात आधी ऐकलं होतं. ऐकताना वाटलं होतं, हे तिकडचं, घाटावरचं, जुनं. गोव्यात आपल्याकडं असलं काही नव्हतं, असं मी एकदा मित्राला ठासून सांगितलंही होतं. आणि माझ्याच घरात, फुटक्या आरशासमोर, ते रोज सकाळी साडेसहाला घडत होतं.

आजोंनी शेवटी होकार दिला, पण अट घातली, आधी शीक. स्वतःची दाढी करणं वेगळं आणि दुसऱ्याची वेगळी. मी बाजारातल्या एका सलूनमध्ये गेलो. तिथला कारागीर माझ्याच वयाचा, उत्तर प्रदेशातून आलेला. त्यानं एक फुगा फुगवला, त्याला फेस लावला आणि म्हणाला, याच्यावरून फेस काढ, फुगा फुटता कामा नये. ते लोक असेच शिकतात. माझे तीन फुगे फुटले. चौथा राहिला.

पहिल्या दिवशी गाल झाले, पण मानेची सैल कातडी मला जमेना. माझाच हात आजोंपेक्षा जास्त थरथरत होता. मी रेझर ठेवला आणि विचारलं, "आजो, त्या मुलाला एकदा बोलावू? मला दाखवील." ते आरशात बघत राहिले. अर्ध्या चेहऱ्यावर फेस तसाच. मग मान हलवली.

तो अर्ध्या तासात स्कूटरवरून आला. त्याच्याकडं अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा होता, पण मी म्हटलं, याच रेझरनं कर. त्यानं फेस नव्यानं लावला, दोन बोटांनी मानेची कातडी वर ताणली आणि खालून एकेक छोटा हात घेतला. मी बघत होतो. आजोंचे डोळे मिटलेले होते.

मग त्यांनी डोळे न उघडताच त्याला विचारलं, "कहाँ का है रे तू?" खाणीवर शिकलेलं हिंदी. त्यानं जिल्ह्याचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. आजो थोडे थांबले. म्हणाले, "मैं इसी वाडे का हूँ." आणि मग आमच्या वाड्याचं नाव, आमचं आडनाव आणि पणजोबांचं नाव, तिन्ही एकामागून एक, स्पष्ट सांगितली.

तो मुलगा हसला. "पता है दादाजी, आपके घर में ही तो खड़ा हूँ." त्यानं पुन्हा कातडी ताणली आणि उरलेला हात पूर्ण केला. आई आतून चहा घेऊन आली. चहा पिऊन तो गेला. काय घडलं ते त्याला कळायचं कारण नव्हतं.

आता रोज सकाळी कॉलेजची बस पकडण्याआधी मी आजोंची दाढी करतो. आरसा थोडा खाली टांगलाय, त्यांना बसून दिसावा म्हणून. पंधरा मिनिटं लागतात. मोपाकडं जाणारं एखादं विमान वरून गेलं की मी हात थांबवतो, कारण आजो ते बघायला मान वर करतात. कधी कधी ते ब्रश स्वतः मागून घेतात आणि फेस तेवढा स्वतः लावतात. थरथरत्या हातानं फेस बरा होतो, असं त्यांचं म्हणणं. मग डोळे मिटतात आणि म्हणतात, "हात हलको धर, पुता."