टेलिफोनची जागा

सेवाग्रामला येणारे प्रवासी बापूकुटी पाहतात, चरख्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेतात आणि परततात. आश्रमात जपून ठेवलेल्या एका वस्तूकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे टेलिफोन. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून तो तेथे बसवण्यात आला होता. साप धरून दूर रानात सोडण्यासाठी वापरला जाणारा पिंजराही त्याच आश्रमात आहे. दोघांना एकाच अंगणात आसरा मिळाला, याची आम्हांला नेहमी गंमत वाटते.

गांधीजी म्हणजे यंत्राचे वैरी, अशी एक सोपी समजूत आहे. वस्तुतः १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना त्यांनी शिलाई यंत्राचा आवर्जून अपवाद केला होता. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचा संसार मांडणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती घराण्यातले, लंडनला हिशेबतपासणी शिकलेले. आधुनिक जगाशी त्यांची चांगली ओळख होती. यंत्र घरात घ्यावे की न घ्यावे, एवढाच या मंडळींपुढील प्रश्न नव्हता. ते घेतल्यावर माणसाचे काय होते, हा होता. सेवाग्रामच्या टेलिफोनला एक जागा होती. त्याच्याकडे चालत जावे लागे. तो कोणाच्या ताटाशेजारी येऊन बसत नसे.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण संकेतस्थळे बांधण्याचा व्यवसाय करतो. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून वर्ध्याला परतला तो इथलाच झाला. वरच्या मजल्यावर बसून अमेरिकेतील गिऱ्हाइकांची कामे करतो. शेजारणी त्याच्या आईला हळूच विचारतात, "पोरगा दिवसभर घरीच दिसते, नोकरी सुटली काय त्याची?"

एका संध्याकाळी तो आम्हांला म्हणाला, "फादर, आमच्या धंद्यात यश कशाला म्हणतात, सांगू? आलेला माणूस परत जाता कामा नये."

पूर्वी संकेतस्थळावरील पान संपत असे. पुढे जायचे तर बटण दाबावे लागे आणि तेवढ्या क्षणात माणसाला आपल्या चुलीवरच्या दुधाची आठवण येई. २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने न संपणारे पान तयार केले. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आता एक चित्रफीत संपण्याच्या आत दुसरी आपोआप तयार असते. हे ऐकताना आम्हांला आमच्याच उपासनेची आठवण झाली. मिस्सा हा शब्दच मुळी शेवटच्या निरोपावरून आला आहे. जेवणालाही शेवटचा घास असतो.

या तरुणाला चार वर्षांची मुलगी आहे. मोबाइल समोर असल्यावाचून तिच्या पोटात घास जात नसे. आजी वऱ्हाडीत विचारी आणि नात डोरेमॉनच्या हिंदीत उत्तर देई. आम्ही हसलो, आजी हसली नाही. कार्टूनवर आमचा राग नाही. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवरील 'रामायणा'ने रविवारची सकाळ कशी थांबवली होती, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. एका संचापुढे सारी गल्ली बसे. पण ठरल्या वेळी भाग संपे आणि बायाबापड्या उठून स्वयंपाकाला लागत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये. त्याहून कमी असेल तर उत्तम. "नियम मला पाठ आहे, फादर," तो म्हणाला, "पण तिला भरवायची वेळ आणि अमेरिकेच्या कॉलची वेळ एकच. एका फोनवर बोलता यावे म्हणून मी तिच्या हाती दुसरा फोन देतो."

आम्ही उपदेश केला नाही. ज्याला स्वतःच्या मुलाला भात भरवावा लागलेला नाही, त्याने या बाबतीत जीभ आवरावी हे बरे. आम्ही फक्त सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाची हकिकत सांगितली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या गावाने ठरवले की, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवायचे. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गाव भोंगा वाजवील. माझ्या घरात कोण वाजवणार?"

त्याच्या पत्नीने वाजवला. दाराजवळचा कोनाडा तिने रिकामा केला आणि आठ ते साडेनऊ सर्वांचे मोबाइल तेथे राहतील, असे सांगितले, प्रथम नवऱ्याचा. कॉल पुढे ढकलावे लागले. एका गिऱ्हाइकाला ते मानवले नाही, ते गेले. त्या उत्पन्नावर मुलीच्या शाळेचे शुल्क भागत असे, म्हणून घरात दोन दिवस अबोला होता. मुलीने पहिले चार दिवस आकांत केला, ताट लोटले, उपाशी झोपली. आजीचाच धीर सुटला; "द्या न तिले एकडाव," असे ती रडवेल्या स्वराने म्हणाली. सून हलली नाही.

परवा आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. आजी पहाडावरच्या वाघाची गोष्ट सांगत होती आणि नात मध्येच विचारत होती, "मंग?" तेवढ्यात कोनाड्यातला मोबाइल वाजू लागला. मुलगी तिकडे वळली नाही. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिले. तो ताटावर मान घालून वरणभात कालवत होता आणि मोबाइल बराच वेळ वाजत राहिला.