अठ्ठ्याऐंशीवं

धाकटा भाऊ गेला त्याच्या चौथ्या दिवशी पाळकसाहेब सांत्वनाला आले. मेंढपाळाचं स्तोत्र काढायला लागले, तशी आई म्हणाली, "ते पाठ आहे साहेब. अठ्ठ्याऐंशीवं वाचा." साहेबांनी पान काढलं, चार ओळी वाचल्या, घसा खाकरला आणि बायबल माझ्या हातात दिलं. तेव्हापासून ते काम माझ्याकडेच राहिलं.

दीडशे स्तोत्रांत रडणारी पुष्कळ आहेत. पण बहुतेक शेवटाकडे कुठेतरी वळतात, देवाचे आभार मानून डोळे पुसतात. हेमान एज्राहीच्या नावावरचं हे स्तोत्र वळतच नाही. रात्रंदिवस हाका, ओ नाही, आणि शेवटी नुसता अंधार. संपलं. मला वाचवेना. आई मात्र डोळे मिटून ऐकायची, अंगणात पाऊस ऐकावा तशी. पुढचं पान उलटायला गेले की म्हणायची, "आज इथंच थांब."

काचबिंदूनं तिची नजर गेली होती. हात इतका थरथरायचा की प्रभुभोजनाचा पेला मीच तिच्या ओठांशी धरायची. तरी थोडा द्राक्षरस पदरावर सांडायचाच. त्या डागांचं तिला काही वाटायचं नाही, मला वाटायचं.

वाचताना मला केडगाव आठवायचं. (आमच्या नगरजवळचं नव्हे, दौंडकडचं, मुक्ती मिशनचं.) तिथल्या पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा. उरली लेक मनोरमा. तीही २४ जुलै १९२१ रोजी गेली. रमाबाई तेव्हा थकलेल्या होत्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या, वर्षानुवर्षं त्याच कामात होत्या. लेक गेल्यावर नऊ महिनेही झाले नाहीत तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्याही गेल्या. मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवले आणि ते बायबल १९२४ साली बाहेर पडलं.

या कामात हे स्तोत्रही कधीतरी रमाबाईंच्या लेखणीखालून गेलं असणार. तो अंधाराचा शब्द मराठीत मांडताना त्या थबकल्या असतील का? थबकल्या असल्या तरी त्यांनी तो गाळला नाही, आणि शेवटी दिलाशाची एखादी ओळही जोडली नाही. मला श्रद्धेचा अर्थ लागला तो तिथे. देवाविरुद्धची तक्रार देवाच्याच पुस्तकात जपून ठेवणारा हा धर्म आहे. क्रुसावर येशूनं टाहो फोडला तोही एका स्तोत्राच्या शब्दांत, तक्रारीच्याच. "देवाची इच्छा" म्हणून पाठीवर हात फिरवणारे आमच्या मंडळीत कमी नव्हते. माणसं चांगली होती, पण आईला त्यांच्यापेक्षा हेमान जवळचा वाटला.

असे सात-आठ महिने गेले. एका संध्याकाळी मी शेवटच्या ओळीवर थांबले, पुस्तक मिटायला लागले. आई म्हणाली, "उलट की पान."

एकोणनव्वदावं मोठ्या थाटात सुरू होतं, देवाच्या दयेचं गाणं गात. मी जरा चढ्या आवाजात वाचत गेले. पण निम्म्यानंतर तेही घसरलं. किती काळ, प्रभू, किती काळ, असं विचारायला लागलं. आई हसली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच.

"बघ," म्हणाली, "हाही कुरकुरतोच."

दुसऱ्या दिवशी नव्वदावं घेतलं. मोशेच्या नावावरचं. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, ताकद असली तर ऐंशी, असं त्यात येतं. आईला तेव्हा एक्क्याऐंशीवं चालू होतं. "म्हणजे हे वरचं झालं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला सांगितला.